वसतिगृहातून काढलेला विद्यार्थी : कर्मवीर भाऊराव पाटील

दरवर्षी ९ मे रोजी कर्मवीर भाऊराव पाटील यांची पुण्यतिथी आणि २२ सप्टेंबर रोजी जयंती साजरी होते. रयत शिक्षण संस्थेच्या शाळा-महाविद्यालयांतून त्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो आणि त्यांच्या कार्याचा गौरव होतो. मात्र या थोर पुरुषाच्या आयुष्यातील पहिली पंचवीस-सत्तावीस वर्षे भाषणांत सहसा घाईने उरकली जातात. प्रस्तुत लेखात आम्ही मुद्दाम त्याच वर्षांकडे वळणार आहोत. मुले का बिघडतात, हा प्रश्न आज आपल्या धर्मग्रामांतील आईवडिलांना, शिक्षकांना व धर्मशिक्षकांना सतावीत आहे. तरुण भाऊरावांचे जीवन त्या प्रश्नाकडे पाहण्याची एक निराळी दृष्टी देते.

कुंभोज ते कोल्हापूर

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात, बाहुबलीच्या डोंगराजवळ कुंभोज हे गाव आहे. तेथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन शेतकरी कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. हे त्यांचे आजोळ. घराण्याचे गाव सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा महसूल खात्यात कारकून होते आणि आई गंगाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंबाला गावे बदलावी लागत, त्यामुळे मुलाच्या शाळाही बदलत राहिल्या.

मुलगा अंगापिंडाने धिप्पाड होता. पुस्तकापेक्षा कुस्ती, पोहणे आणि भटकंती यांत त्याचे मन अधिक रमे. गोरगरिबांचा कैवारी मानल्या गेलेल्या एका फरारी बंडखोराचे त्याला बालपणी फार आकर्षण होते, असे चरित्रकार सांगतात. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत हे पाहून संतापलेल्या या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, ही हकिकतही प्रसिद्ध आहे. गावाच्या दृष्टीने ती सार्वजनिक मालमत्तेची नासधूस होती.

१९०२ साली भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापुरास आले. राजाराम हायस्कूलमध्ये त्यांनी नाव घातले आणि जैन बोर्डिंगमध्ये मुक्काम केला. त्या वसतिगृहाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे या विद्वान व शिस्तप्रिय गृहस्थांकडे होती. १९०८ च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभास भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर स्नान करून, कपडे बदलून मगच भोजनास बसावे, अशी त्यांना आज्ञा झाली. त्यांनी ती मानली नाही आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. पुढे छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला. अभ्यासात मात्र प्रगती झाली नाही. इंग्रजी सहावीत ते अनुत्तीर्ण झाले. स्वतः महाराजांनी शब्द टाकूनही शिक्षकाने त्यांना वरच्या वर्गात घालण्यास नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. शाळा तेथेच संपली.

पुढे कुंभोजच्याच आदाक्का यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी त्या लक्ष्मीबाई झाल्या. साताऱ्यात शिकवण्या घेऊन भाऊराव संसार चालवू लागले आणि लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. तोच १९१४ साली कोल्हापुरात डांबर प्रकरण उद्भवले. इंग्रज राजघराण्यातील पुतळ्यांवर कोणीतरी डांबर टाकले आणि संशय अण्णासाहेब लठ्ठे यांच्यावर आला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांना अटक करून त्यांचा छळ करण्यात आला. ज्या माणसाने आपल्याला वसतिगृहातून घालवले, त्याच्यावर सूड उगविण्याची संधी आयती चालून आली होती. परंतु खोटी साक्ष देण्यास भाऊराव तयार झाले नाहीत. छळ असह्य झाला तेव्हा त्यांनी स्वतःचा जीव संपविण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत. अखेरीस त्यांची सुटका झाली.

सिद्धांतांच्या चष्म्यातून

आता क्षणभर भाऊरावांचे नाव बाजूला ठेवू या आणि केवळ नोंदी वाचू या. फरारी माणसाचे आकर्षण, सार्वजनिक वस्तूची मोडतोड, वसतिगृहातून हकालपट्टी, परीक्षेत अपयश, अर्धवट शाळा आणि सत्ताविसाव्या वर्षाच्या आत पोलीस कोठडी. हा कागद एखाद्या समुपदेशकापुढे ठेवला, तर त्यावर काय शेरा पडेल?

तरुण गुन्ह्याकडे का वळतो, याचे कारण त्या तरुणाच्याच ठिकाणी शोधणारे अनेक सिद्धांत गेल्या दीडशे वर्षांत मांडले गेले. इटलीतील वैद्य चेझारे लोम्ब्रोसो यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात जन्मजात गुन्हेगाराची कल्पना मांडली. कवटीच्या व चेहऱ्याच्या ठेवणीवरून तो ओळखता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते पुढे टिकले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हेन्री गोडार्ड यांनी मंदबुद्धीशी गुन्ह्याचा संबंध जोडला. लंडनमध्ये जॉन बोल्बी यांनी १९४४ साली ४४ बालचोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि लहानपणी आईपासून झालेल्या दीर्घ ताटातुटीकडे लक्ष वेधले. अल्बर्ट बंडुरा यांनी १९६१ मधील प्रसिद्ध प्रयोगातून दाखविले की मुले मोठ्यांचे पाहून आक्रमकता शिकतात. १९९० साली गॉटफ्रेडसन व हर्शी या अमेरिकन अभ्यासकांनी आत्मसंयमाचा अभाव हेच मूळ कारण मानले.

या चष्म्यांतून पाहिले, तर परीक्षेतील अपयशावरून एक सिद्धांत भाऊरावांना मंद ठरवील, दुसरा फरारी बंडखोराच्या आकर्षणाकडे बोट दाखवील आणि तिसरा मोडलेल्या रहाटात व धुडकावलेल्या आज्ञेत संयमाचा अभाव पाहील. तरीही तिन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतात, कारण नोंदीत कृती दिसते, हेतू दिसत नाही. संयम नसलेला माणूस स्वतःला तत्काळ मिळणाऱ्या सुखासाठी नियम मोडतो. भाऊरावांनी नियम मोडले ते दुसऱ्यासाठी, आणि त्याची किंमत स्वतः मोजली. कोठडीत तर केवळ एक खोटा शब्द उच्चारण्याने सुटका होत होती. तो शब्द न उच्चारणे यापेक्षा मोठा आत्मसंयम कोणता?

याच काळात शिक्का मारण्याची वृत्ती कायद्यातही शिरली होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्याने तो बडगा मुंबई इलाख्यापर्यंत पोहोचला आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणातील वसाहती उभ्या राहिल्या. त्यांत जन्मलेल्या बालकाला गुन्हा करण्यापूर्वीच शिक्षा मिळे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली काही जातींच्या लोकांना गावी द्यावी लागणारी सक्तीची हजेरी बंद केली. बाकी देशात तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडले.

वसतिगृहाचा संस्थापक

डांबर प्रकरणानंतर भाऊरावांनी ओगले यांच्या कंदिलांचे आणि किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते म्हणून गावोगाव प्रवास केला. त्या प्रवासात त्यांना खेड्यातील मुलांचे अज्ञान जवळून दिसले. सांगलीजवळील दूधगावी १९१० साली सहकाऱ्यांसमवेत सुरू केलेल्या विद्यार्थी आश्रमाचा अनुभव गाठीशी होताच. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्यास छत्रपती शाहू यांचे नाव देण्यात आले.

ज्याला एका वसतिगृहाने घालविले, त्यानेच वसतिगृहे उभारण्यास आयुष्य वेचले, ही गोष्ट आम्हास फार अर्थपूर्ण वाटते. येथे मुले आळीपाळीने स्वयंपाक करीत, शेतात राबत, दगड फोडीत आणि एका पंक्तीत जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी मोडले. मुलांना त्यांनी आईची माया दिली. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊराव मात्र थांबले नाहीत. १९३५ साली अध्यापक विद्यालय, १९४० साली साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, असे कार्य विस्तारत गेले. १९५९ साली पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. दिली, भारत सरकारने पद्मभूषण दिले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली.

या वसतिगृहांत काय घडत होते, याचा विचार केला म्हणजे वरील सिद्धांतांचे खरे मोल कळते. घर दुरावलेल्या मुलाला लक्ष्मीबाईंची माया मिळाली. चांगले वर्तन पाहून शिकण्यासाठी स्वतः राबणारा पालक डोळ्यांसमोर होता. रोजच्या श्रमांतून आणि जबाबदारीतून आत्मसंयमाचा सराव झाला. बोल्बी, बंडुरा आणि आत्मसंयमवादी यांनी पुढे जे सांगितले, ते येथे आधीच आचरणात होते. तेच सिद्धांत कपाळावरील शिक्का म्हणून वापरले तर मुलाचा घात करतात आणि औषध म्हणून वापरले तर त्याला तारतात.

इटलीतही याचा पडताळा मिळतो. लोम्ब्रोसो १८७६ पासून ट्युरिनच्या विद्यापीठात शिकवीत होते. त्याच ट्युरिन शहरात संत जॉन बॉस्को १८८८ साली निधन होईपर्यंत रस्त्यावरच्या व तुरुंगातून सुटलेल्या मुलांसाठी झटत होते. एकाने कवट्या मोजल्या, दुसऱ्याने मुलांना खेळ, हस्तव्यवसाय आणि स्नेह दिला.

आजचे आपले कर्तव्य

अलीकडचे संशोधनही घाईने निकाल देऊ नये असेच सांगते. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा दीर्घकाळ अभ्यास करण्यात आला. त्या आधारे टेरी मॉफिट यांनी १९९३ साली मांडले की किशोरवयात नियम मोडणारी बहुसंख्य मुले मोठेपणी ती वाट सोडतात. बालपणापासून आयुष्यभर त्याच वाटेवर राहणारी थोडीच असतात. भारतातील २०१५ चा बाल न्याय कायदाही अठरा वर्षांखालील मुलास गुन्हेगार न म्हणता विधिसंघर्षग्रस्त बालक म्हणतो. १६ ते १८ वयोगटातील मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक क्षमतेची आणि घटनेच्या परिस्थितीची प्राथमिक तपासणी बाल न्याय मंडळाने करावी, असेही तो सांगतो. म्हणजे कृतीबरोबर माणूस पाहावा, हे तत्त्व कायद्यानेही स्वीकारले आहे.

याचा अर्थ नियम मोडणारा प्रत्येक मुलगा कर्मवीर होतो असा नाही. चोरी किंवा मारहाण झाली असेल, तर ज्याचे नुकसान झाले त्यालाही न्याय मिळाला पाहिजे आणि मुलाला आपल्या कृत्याचा जाब द्यावाच लागेल. परंतु जाब विचारणे वेगळे आणि त्याचे भवितव्य ठरवून टाकणे वेगळे. त्याने हे कोणासाठी केले? त्यातून त्याला काय मिळाले? पकडला गेल्यावर त्याने दोष दुसऱ्यावर ढकलला की स्वतः सोसला? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही मुलाला शाळेतून, वसतिगृहातून अथवा युवक मंडळातून काढू नये, असे आम्ही नम्रपणे सुचवू इच्छितो.

हातकणंगले तालुक्यातील त्या धिप्पाड मुलाला एका वर्गशिक्षकाने वरच्या वर्गात घातले नाही, हे नियमाला धरूनच होते. पण शाहू महाराजांनी त्याला दारात उभे राहू दिले, म्हणून पुढे हजारो मुलांसाठी दारे उघडली. आपल्या धर्मग्रामातील नापास झालेला, भांडखोर म्हणून हिणवला गेलेला, घरी नकोसा झालेला मुलगा आज कोणाच्या दारात उभा आहे, हे आपण सर्वांनी पाहिले पाहिजे.