हरिभाऊ आपटे : साप्ताहिकाच्या अंकांतून घडलेला कादंबरीकार

आधुनिक मराठी कादंबरीचे जनक म्हणून ओळखले जाणारे हरि नारायण आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. बालपणीच मातृछत्र हरपल्याने त्यांचे संगोपन एकत्र कुटुंबात झाले. मुंबईतील प्रारंभीच्या शिक्षणानंतर हे कुटुंब पुण्यास आले आणि हरिभाऊंना न्यू इंग्लिश स्कूलमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, लोकमान्य टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांच्या सहवासाचा लाभ झाला. १८८२ मध्ये चिपळूणकरांचे निधन झाले, तेव्हा अवघ्या अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने आपल्या गुरूवर विलापकाव्य रचले.

महाविद्यालयात मात्र गणिताने त्यांची वाट अडवली. वारंवार प्रयत्न करूनही त्यांना पदवी मिळू शकली नाही. परीक्षेत अपयश येत असतानाच त्यांचे वाचन विस्तारत होते. संस्कृत नाटके आणि सर वॉल्टर स्कॉट, रेनॉल्ड्स यांसारख्या इंग्रजी कादंबरीकारांचे ग्रंथ त्यांनी बारकाईने अभ्यासले. फ्रेंच नाटककार मोलिएर याच्या प्रहसनाचे त्यांनी केलेले ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे मराठी रूपांतर लोकप्रिय ठरले. पात्रांच्या तोंडी सहज, खटकेबाज संवाद घालण्याचा सराव अशा रूपांतरांतून त्यांना घडला असावा.

त्या काळी मराठी कादंबरी बाल्यावस्थेत होती. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये, तर रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी १८७१ मध्ये वाचकांपुढे आली होती. तथापि, वाचकांच्या आवडीवर प्रभाव होता तो ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ यांसारख्या अद्भुतरम्य कथांचा. राजपुत्र, राजकन्या आणि विलक्षण योगायोग यांच्या त्या जगात पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांना स्थान नव्हते.

हरिभाऊंनी नेमका तोच विषय निवडला. ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी १८८५ पासून ‘पुणे वैभव’ या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते. कथानकाच्या रचनेसाठी त्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबरीचा आधार घेतला होता. परंतु त्यातील समाज मात्र पुण्याचा होता. जुने सुटलेले आणि नवे न पचलेले अशा संक्रमणकाळाचे चित्र त्यांनी रेखाटले. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी ‘आजकालच्या गोष्टी’ असे सार्थ नाव दिले.

१८८८ मध्ये त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. प्राचीन संस्कृत हस्तलिखितांचा संग्रह व प्रकाशन हे तिचे कार्य होते. हरिभाऊंनी तिच्या व्यवस्थापनाची जबाबदारी अखेरपर्यंत सांभाळली. कचेरीचे काम आणि कथालेखन यांचा मेळ आयुष्यभर घालणे त्यांना क्रमप्राप्त झाले.

१८९० मध्ये हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ ही पत्रे लेखांद्वारे समाजाला जागे करीत होती, तेच काम घरगुती वाचकांसाठी कथांच्या माध्यमातून करण्याचा हा प्रयत्न होता. संपादकही तेच आणि मुख्य लेखकही तेच. त्यामुळे दर आठवड्याला प्रकरण सिद्ध करण्यावाचून गत्यंतर नसे. प्रारंभीच्या काळात ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही सामाजिक आणि ‘म्हैसूरचा वाघ’ ही ऐतिहासिक अशा दोन कादंबऱ्या या साप्ताहिकातून एकाच वेळी चालू होत्या. स्फूर्तीची वाट न पाहता नियमाने लिहावयाचे, ही सवय हरिभाऊंना या साप्ताहिकाने लावली.

या शिस्तीची सर्वांत मोठी फलश्रुती म्हणजे ‘पण लक्षात कोण घेतो!’. ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. यमू या ब्राह्मण कुटुंबातील मुलीने स्वतः सांगितलेली ही आत्मकथा आहे. माहेरचे बालपण, लहान वयातील विवाह, पती रघुनाथरावांसमवेत मुंबईत लाभलेले थोडके सुख, अकाली वैधव्य आणि त्यानंतर बळजबरीने झालेले केशवपन असा तिचा प्रवास आहे. लेखक पुरुष असूनही यमूच्या भाषेत पंडिती वळण नाही. माजघरात आणि परसात बोलली जाणारी मराठी तिच्या लेखणीतून उतरते. ही कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ मध्ये, संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात तीव्र वाद झडत होता. व्यासपीठांवर ज्या स्त्रियांविषयी बोलले जात होते, त्यांच्यापैकी एकीला हरिभाऊंनी स्वतःचे म्हणणे मांडू दिले. या कादंबरीचे सामर्थ्य त्यातच आहे. आत्मनिवेदनाचे हेच तंत्र त्यांनी पुढे ‘मी’ या कादंबरीत एका ध्येयवादी तरुणासाठी वापरले.

लघुकथेच्या विकासातही ‘करमणूक’चा वाटा मोठा आहे. पूर्वीच्या पाल्हाळिक गोष्टींच्या जागी हरिभाऊंनी आटोपशीर ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या. दुष्काळाचे भीषण रूप दाखविणारी ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा आजही मराठी कथेच्या इतिहासात आवर्जून उल्लेखिली जाते.

साप्ताहिक लेखनाची किंमतही त्यांना मोजावी लागली. छापून गेलेले प्रकरण मागे घेता येत नसे. त्यामुळे त्यांच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ आणि पुनरुक्ती आढळते, क्वचित बांधणी सैल होते. ‘गणपतराव’ आणि ‘कर्मयोग’ यांसारख्या कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या. टीकाकारांनी हे दोष वेळोवेळी दाखविले आहेत. मात्र ज्या हप्त्याहप्त्याच्या लेखनाने हा सैलपणा आला, त्यानेच दैनंदिन संसारातील बारीकसारीक तपशिलांना सावकाश जागा करून दिली, हेही लक्षात घ्यावे लागते.

ऐतिहासिक कादंबऱ्यांत त्यांची दृष्टी महाराष्ट्राच्या सीमेपुरती मर्यादित राहिली नाही. शिवकालावरील ‘उषःकाल’ आणि तानाजी मालुसरे यांच्या पराक्रमावरील ‘गड आला पण सिंह गेला’ यांबरोबरच त्यांनी मगधाच्या पार्श्वभूमीवर ‘चंद्रगुप्त’ आणि विजयनगरच्या विनाशावर ‘वज्राघात’ लिहिली. ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर बाबूराव पेंटर यांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला.

लेखनाच्या जोडीला हरिभाऊंनी पुणे नगरपालिकेत दीर्घकाळ काम केले. १९१२ मध्ये अकोला येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. सुमारे सत्तावीस वर्षे चालविलेले ‘करमणूक’ १९१७ मध्ये बंद झाले. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले असता, त्यांचे पुण्यात निधन झाले.

हरिभाऊंनंतर मराठी कादंबरीने रचनेची अनेक नवी वळणे घेतली आणि बांधेसूदपणात ती त्यांच्या पुढेही गेली. परंतु सामान्य माणसाचे घर हा कादंबरीचा विषय होऊ शकतो आणि त्या घरातील मुलीची साधी बोली तो विषय पेलू शकते, हे त्यांनी आठवड्यामागून आठवडे लिहून सिद्ध केले. पदवीविना राहिलेल्या या लेखकाची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी शतकाहून अधिक काळ लोटल्यानंतरही वाचली जाते.