रक्ताच्या थेंबात डोकावणारा चित्रकार

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापी आणि पूर्णा एकमेकींना भेटतात. त्या परिसरात शेताच्या कुंपणावर मान डोलावणारा सरडा कुणी पाहिलेला नाही? पोरे त्याला खडे मारतात, मोठी माणसे त्याच्याकडे लक्षही देत नाहीत. पण रानातल्या सरड्याच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कधी कधी निराळेच जग दिसते. त्याच्या तांबड्या पेशी आपल्यासारख्या गोल नसून लांबट असतात आणि प्रत्येकीत केंद्रक असते. काही पेशींत त्या केंद्रकाला खेटून एखादा परोपजीवी मुक्काम ठोकून असतो. आपल्या हिवतापाच्या जंतूंचे भाऊबंदही सरड्या-पालींत सापडतात. १९०४ मध्ये कास्तेलानी आणि विली या संशोधकांनी श्रीलंकेतील एका पालीच्या रक्तात असाच जीव नोंदवला.

माणसाच्या आणि रानटी प्राण्यांच्या रक्तात असे डोकावून पाहण्याची वाट आपल्या मुलुखात ज्यांनी पाडली, त्यांत डॉ. हेन्री व्हॅन्डाईक कार्टर यांचे नाव अग्रभागी आहे. जग त्यांना ओळखते ते मात्र वेगळ्याच कारणाने. वैद्यकाचे विद्यार्थी पिढ्यान् पिढ्या ज्यावर पोसले, त्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’ या ग्रंथातील चित्रे त्यांच्या हातची.

कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे झाला. वडील चित्रकार. विख्यात चित्रकार व्हॅन डाइक यांचे नाव मुलाच्या नावात गुंफलेले, आणि चित्रकलाही घरातच मिळालेली. लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात शिकत असताना त्यांची हेन्री ग्रे यांच्याशी गाठ पडली. दोघांनी मिळून शवविच्छेदन केले. ग्रे यांनी लिहिले, कार्टर यांनी रेखाटले. १८५८ मध्ये ग्रंथ निघाला, त्यात ३६३ चित्रे होती. पण मुखपृष्ठाच्या कच्च्या छपाईवर ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टाइपात घ्यायला लावले. ग्रे यांना खपावर मानधन मिळत राहिले. कार्टर यांच्या पदरात एकदाच रक्कम पडली.

ग्रंथ बाजारात आला तेव्हा कार्टर मुंबईत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचनाशास्त्र शिकवू लागले. १८६३ पासून काही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. तिथे त्यांच्यापुढे येत ते महारोगी आणि सुजून छिद्रे पडलेल्या पायांचे रोगी. पायाचा हा रोग बुरशीपासून होतो, असे त्यांनी मांडले आणि १८७४ मध्ये त्यावर सचित्र ग्रंथ लिहिला. अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्याच्या पायाकडे इतक्या बारकाईने पाहणारे त्या काळी किती होते?

मग १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. दख्खनमधली उपाशी माणसे मुंबईकडे लोटली आणि त्यांच्याबरोबर एक विचित्र ताप आला. पाच-सात दिवस अंग भाजून काढायचा, एकदम उतरायचा, आणि माणूस बरा झाला म्हणेस्तोवर आठवड्याने परत यायचा. कार्टर यांनी १८७७ मध्ये रोग्यांचे रक्त तपासले. ताप चढलेला असताना त्यात मळसूत्रासारखे वळणदार, सळसळणारे जंतू दिसत. ताप उतरला की ते दिसेनासे होत. बर्लिनच्या ओबरमायर यांनी असे जंतू आधी पाहिले होते. कार्टर यांनी ते हिंदुस्थानात दाखवले, माकडांना रक्त टोचून संसर्ग सिद्ध केला आणि १८८२ मध्ये या तापावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हा ताप पसरतो कसा, याचा धागा पुढे १९०७ मध्ये डॉ. मॅकी यांना आपल्या शेजारच्या नाशिकमध्येच मिळाला. गुन्हेगार निघाली अंगावरची ऊ.

कार्टर माणसापाशी थांबले नाहीत. १८८७ मध्ये त्यांनी उंदराच्या रक्तातील एका अतिसूक्ष्म वळणदार जंतूची नोंद केली. उंदीर चावल्यावर येणाऱ्या तापाशी त्या जंतूचे नाते नंतर उमगले. त्याच सुमारास हिवतापाच्या रोग्यांच्या रक्तात त्यांना लाव्हराँ यांनी १८८० मध्ये अल्जीरियात पाहिलेले जीव सापडले. येथील बऱ्याच डॉक्टरांचा अशा जीवांवर विश्वास नव्हता. पुढे जगप्रसिद्ध झालेले रोनाल्ड रॉसदेखील १८९४ मध्ये लंडनला मॅन्सन यांनी काचपट्टी दाखवीपर्यंत शंका घेत होते. कार्टर यांची चित्रे तोवर छापून झाली होती.

१८८८ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी परतले. ४ मे १८९७ रोजी स्कारबरो येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, २० ऑगस्टला, रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. ते पाहायला कार्टर उरले नव्हते.

एका ग्रंथावर त्यांचे नाव लहान झाले आणि दुसऱ्या शोधाचे श्रेय इतरांकडे गेले. तरी दिसेल तेच रेखाटायचे आणि न दिसलेले भरायचे नाही, हा चित्रकाराचा प्रामाणिकपणा त्यांनी सूक्ष्मदर्शकाशी आणून ठेवला. आज गावातल्या आरोग्य केंद्रात तापकरी मुलाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला जातो, तेव्हा तो तपासणारा याच वाटेने चाललेला असतो.