फाशी टळली, भूक टळली नाही

शिरूर तालुक्यातला केंदूर, पाबळ, धामारी हा पट्टा पर्जन्यछायेचा. इथल्या गावांना दुष्काळ नवा नाही. याच पट्ट्यातल्या धामारीत फेब्रुवारी १८७९ मध्ये एका रात्री एका व्यापाऱ्याच्या घरावर दरोडा पडला. सरकारी कराची वसुली त्या घरात ठेवलेली होती. हाती लागले सुमारे चारशे रुपये. टोळीचा म्होरक्या होता पुण्याच्या लष्करी हिशेब कचेरीत नोकरी केलेला एक कारकून. त्याचे नाव वासुदेव बळवंत फडके.

आद्य क्रांतिकारक म्हणून फडके शाळेच्या पुस्तकातून सर्वांना माहीत आहेत. त्यांच्या चरित्राला आणखी एक बाजू आहे, ती शरीराची: भूक, ताप, कोंडवाडा आणि शेवटी उपासमार. पैशासाठी दरोडे आणि सरकारविरुद्ध उठाव अशा दोन्ही आरोपांखाली उभ्या राहिलेल्या या माणसाला फाशी झाली नाही. तरीही शिक्षेनंतर तो फार काळ जगला नाही. मृत्युदंड असावा की नसावा या चर्चेत ही बाजू सहसा येत नाही.

फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणचा. मुंबईत रेल्वेत नोकरी केल्यावर ते लष्कराच्या कमिसरिएट खात्यात लागले आणि पुण्याला आले. लहुजी वस्तादांच्या तालमीत त्यांनी शरीर कमावले. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि ते पोचण्याआधीच ती गेली, ही गोष्ट त्यांच्या मनातून कधीच गेली नाही. १८७४ मध्ये वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही शाळा काढली. मनात राग होता, तरी तोवर मार्ग सभेचा, शाळेचा आणि स्वदेशी कापडाचा होता.

मग १८७६ चा दुष्काळ आला. आदल्याच वर्षी सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या खतपत्रांच्या होळ्या केल्या होत्या, म्हणजे कर्जाने पिचलेल्या माणसांवरच आता उपासमार आली. या दुष्काळात सरकारने एक प्रकारचा आहारप्रयोगच केला. केंद्र सरकारचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मद्रास इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडाच्या हिशेबावर आणले आणि वर किरकोळ पैसे ठेवले. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. ज्वारी असो की तांदूळ, त्यातून जेमतेम सोळाशे उष्मांक मिळतात. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या पुरुषाला याच्या जवळपास दुप्पट लागतात. डाळ, तेल, भाजीपाला नाही, म्हणजे प्रथिने आणि जीवनसत्त्वेही तोकडी. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी याला जाहीर विरोध केला, छावण्यांतल्या लोकांच्या शरीरांकडे बोट दाखवले, आणि काही महिन्यांनी हे प्रमाण वाढवावे लागले.

अशा दुष्काळात बहुतेक माणसे थेट उपाशी मरत नाहीत. अन्न कमी पडले की शरीर आधी साठवलेली चरबी, मग स्नायू वापरते. रोगप्रतिकारशक्ती ढासळते, आणि एरवी सोसला असता असा ताप, हगवण, पटकी जीव घेऊन जाते. मृत्यूच्या नोंदीत कारण ‘ताप’ लागते, भूक लागत नाही. १८७६ ते १८७८ या काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली. फडके खेड्यापाड्यांत हिंडून हे सारे पाहत होते. आणि १८७७ पासून मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदावर होते तेच टेंपल.

लोणीकंदच्या बाजूला जमवाजमव करून, बहुतांश रामोशी सोबत्यांसह फडके बाहेर पडले. धामारीनंतर दरोड्यांचे सत्र सुरू झाले. लुटीतून सैन्य उभारायचे आणि सरकार उलथवायचे, असा बेत होता. तो काही महिन्यांतच फसला. त्यांचे प्रमुख साथीदार दौलतराव नाईक चकमकीत मारले गेले. सरकारने फडक्यांच्या शिरावर बक्षीस लावले, तर फडक्यांनी गव्हर्नरच्या शिरावर त्याहून मोठे लावले. प्राण घेणे त्यांना वर्ज्य नव्हते, हे इथे लपवण्याचे कारण नाही. लुटल्या गेलेल्या घरांतल्या माणसांसाठीही ती रात्र भीतीचीच होती.

मे महिन्यात पुण्यातले बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. संशय अर्थातच फडक्यांवर गेला. तपासात निघाले वेगळेच: सरकारी पुस्तकांच्या कोठारातली अफरातफर झाकण्यासाठी तिथल्याच एका नोकराने आग लावली होती. आर्थिक गुन्हा करणारा आत खुर्चीत बसलेला आणि लोकांचे डोळे बाहेरच्या दरोडेखोराकडे, हे दृश्य आजच्या वाचकाला फार परके वाटू नये.

जुलैमध्ये विजापूरच्या बाजूला देवर नावदगी इथे मेजर डॅनियलने त्यांना गाठले, तेव्हा फडके तापाने आणि चालून चालून थकलेले, झोपेत होते. पुण्यात खटला चालला. बचावाला सार्वजनिक काका आणि महादेव चिमणाजी आपटे उभे राहिले. फडक्यांची रोजनिशी आणि आत्मवृत्त हाच त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा ठरला. १८६० च्या दंड संहितेत सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्यास फाशी किंवा जन्मठेप, अशी दोन्ही दारे होती. दरोड्याला जास्तीत जास्त जन्मठेप होती, मात्र दरोड्यात खून झाला तर फाशी देता येत होती. नुसत्या पैशाच्या गुन्ह्याला फाशी नव्हतीच. शंभर वर्षांपूर्वी चित्र उलटे होते. १७७५ मध्ये कलकत्त्यात नंदकुमारांना खोट्या दस्तऐवजासाठी इंग्रजी कायद्याने फासावर चढवले होते. पुढे इंग्लंडनेच ती शिक्षा सोडली आणि मॅकॉलेच्या मसुद्याने हिंदुस्थानात मृत्युदंड खून आणि राज्याविरुद्धच्या सर्वात गंभीर गुन्ह्यांपुरता ठेवला.

आज एखादी बँक किंवा पतपेढी बुडते, आयुष्याची पुंजी जाते, आणि घोटाळेबाजांना फाशी द्या अशी मागणी उठते. राग रास्त आहे. औषधपाण्याचे पैसे बुडालेल्या म्हाताऱ्यांच्या प्रकृतीवर अशा घोटाळ्यांचा होणारा परिणामही खरा आहे. पण फाशीने गुन्हे घटतात का, या प्रश्नावर विज्ञानाकडे होकार नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये तोवरच्या अभ्यासांची छाननी केली, तेव्हा खुनासारख्या गुन्ह्याबाबतही त्यांतून धड कोणताच निष्कर्ष काढता येत नाही, असे तिला आढळले. व्हिएतनाममध्ये २०२४ साली प्रचंड बँक घोटाळ्यात एका उद्योजिकेला देहदंड सुनावला गेला. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेने अपहाराच्या गुन्ह्यातून तो काढून टाकला.

फडक्यांना नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जानेवारी १८८० मध्ये त्यांना एडनला नेले. ऑक्टोबरमध्ये तुरुंगाचे दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले. म्हणजे तोवर तालमीतले शरीर शाबूत होते. काही तासांतच ते पुन्हा पकडले गेले. त्यानंतर बंदोबस्त कडक झाला आणि हळूहळू प्रकृती गेली.

त्यांच्या मृत्यूचे कारण कुठे अन्नत्याग सांगितले जाते, कुठे क्षय. वैद्यकाच्या दृष्टीने दोन्हींत विरोध नाही. क्षयाचे जंतू हवेतून शिरतात आणि अनेकांच्या शरीरात वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात. बंद, कोंदट, माणसांनी भरलेली जागा त्यांना सोयीची असते, आणि पोट रिकामे राहिले की ते उचल खातात. हा धागा किती पक्का आहे ते अलीकडे झारखंडमध्ये दिसले. तिथे क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. फडके एडनमध्ये असताना, मार्च १८८२ मध्ये, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्यावर औषध यायला मात्र आणखी साठेक वर्षे लागायची होती.

न्यायालयाने दोन दारांपैकी जगण्याचे दार उघडले होते. पण शिक्षा न्यायालयात ठरते आणि भोगावी लागते कोठडीत. तिथली हवा, अन्न आणि डॉक्टर यांच्यावर ती जन्मठेप राहते की लांबवलेला मृत्युदंड होतो, हे ठरते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दयेच्या अर्जावरचा अवाजवी विलंब आणि कैद्याचा मानसिक आजार ही फाशी रद्द करण्याची कारणे मानली. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात, २०१९ मध्ये, शिक्षेनंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही त्यात धरला. कैद्याची तब्येत शिक्षेपासून वेगळी काढता येत नाही, हे कायद्याला उमगायला एवढा काळ गेला.

१७ फेब्रुवारी १८८३ रोजी वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात वारले. शिक्षा होऊन सव्वातीन वर्षे झाली होती आणि वय होते ३७.