रात्र उभी करणारा कलावंत : बाबूराव पेंटर

गेल्या हिवाळ्यात भोरहून आम्ही तिघे मित्र वेल्ह्याच्या राजगडावर गेलो होतो. मावळतीला एका काळवंडलेल्या बुरुजाचा फोटो घ्यायचा होता. मित्राला आरसा धरायला लावून मी त्यावर ऊन पाडले. फोटो सुरेख आला. परंतु वर्गातील एकाने विचारले, की ते ऊन तिथे नव्हतेच, मग हा फोटो खरा कसा? मी निरुत्तर झालो. उत्तर शोधता शोधता बाबूराव पेंटर यांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. चित्रकला व शिल्पकला त्यांनी स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केली. आनंदराव या नात्यातील बंधूंसह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. सपाट कापडावर दूरचा देखावा उभा करायचा, ही त्यांची पहिली शाळा. १९१३ साली फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. तरीही बाबूराव खचले नाहीत. दामल्यांच्या साहाय्याने त्यांनी कॅमेरा घरीच तयार केला. १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' पडद्यावर आला.

१९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांची खरी कसोटी लागली. राजगडावरून दिसणारा हाच तो गड! १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी तो रात्री सर केला. त्या काळच्या फिल्मला भरपूर ऊन लागे. अंधारात तिला काहीच दिसत नसे. पाश्चात्त्य मूकपटांत दिवसा चित्रण करून फिल्म निळी रंगवण्याची रीत होती. बाबूरावांनी मात्र कृत्रिम प्रकाशाची योजना करून रात्र उभी केली. असा प्रयोग भारतात प्रथम त्यांनीच केला, असे मानतात. त्यात शिवाजी महाराजांची भूमिकाही त्यांनीच केली होती.

पुढे १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश'मधून शेतकऱ्याची दैना दाखवली. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. दुर्दैवाने 'सिंहगड' आज पाहायला मिळत नाही.

मला माझे उत्तर मिळाले. दिवे बाबूरावांनीही बाहेरूनच आणले होते. पण ते तानाजीची रात्र खरी वाटावी म्हणून. माझा आरसा मात्र केवळ फोटो देखणा व्हावा म्हणून होता. प्रदर्शनात तो फोटो मी लावणार आहे. मात्र त्याखाली लिहीन : ऊन आरशाचे.