रोजगार हमीचे जनक : वि. स. पागे

मुलांनो, धाराशिव जिल्ह्यातील भूम, परंडा किंवा तुळजापूर भागातून तुम्ही एस. टी. ने प्रवास केला असेल, तर माळरानावर ठिकठिकाणी मातीचे बांध आणि लहान तलाव तुम्हांला दिसले असतील. उन्हाळ्यात त्यांत पाणी नसते. पाहणाऱ्याला वाटते, हा कसला तलाव! पण यांतील बरेचसे तलाव पाणी साठवून ठेवण्यासाठी बांधलेलेच नाहीत. पावसाचे पाणी अडवायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना पाझरू द्यायचे, एवढेच त्यांचे काम. म्हणून त्यांना पाझर तलाव म्हणतात. असे कितीतरी तलाव गावोगावच्या मजुरांनी कुदळ, फावडे आणि टोपली घेऊन बांधले आहेत. त्या मजुरांना काम मागण्याचा हक्क ज्यांच्यामुळे मिळाला, त्या विठ्ठल सखाराम पागे यांची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

आधी थोडे या जिल्ह्याविषयी. याला पूर्वी उस्मानाबाद जिल्हा म्हणत; २०२३ साली धाराशिव हे नाव अधिकृत झाले. आपण ज्या काळाविषयी बोलत आहोत, त्या काळात आजचा लातूर जिल्हाही यातच होता. तो १९८२ साली वेगळा झाला. हा सारा प्रदेश अवर्षणाचा. पाऊस वेळेवर आला तर ज्वारी उत्तम पिकते; नाही आला तर शेतात काडीही उगवत नाही.

अशा वेळी गरिबाच्या घरात काय घडते, याचा विचार करा. ज्याच्याकडे दोन-चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याचे पीक जाते. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याची मजुरी जाते, कारण पेरणी नाही तर खुरपणी नाही आणि खुरपणी नाही तर काढणीही नाही. बाजारात धान्य असते, पण ते घ्यायला हातात पैसा नसतो. मग आधी घरातली भांडी विकली जातात. नंतर बैल विकला जातो, तोही पडत्या भावाने, कारण सगळेच विकायला निघालेले असतात. त्यानंतर सावकाराचे कर्ज. मुलांची शाळा सुटते. दोन वेळचे जेवण एक वेळेवर येते आणि उपाशी शरीराला साधा तापही सोसत नाही. दुष्काळात पुष्कळ माणसे अशा आजारांनीच मरत. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला, तरी ते घर लवकर सावरत नाही. कारण नांगराला जुंपायला बैल उरलेला नसतो.

पागे यांनी हे सारे जवळून पाहिले होते. त्यांचा जन्म २१ जुलै १९१० रोजी झाला. ते आजच्या सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यातील विसापूर हे त्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. हा तालुकाही कमी पावसाचाच. म्हणजे दुष्काळ काय असतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी भाग घेतला. संतसाहित्याचाही त्यांचा चांगला अभ्यास होता.

१९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षे, त्यांनी ते पद सांभाळले. आपल्या राज्याच्या विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत, विधानसभा आणि विधान परिषद. सभापतीचे काम मोठे नाजूक असते. त्याला वादात कोणाची बाजू घेता येत नाही. सगळ्यांना बोलू द्यायचे आणि आपण शांत बसायचे. अशा खुर्चीवर बसलेल्या माणसाने राज्यातील गरिबांसाठी एवढी मोठी योजना पुढे आणावी, याचे मला नेहमी नवल वाटते. पागे यांनी हे काम भाषणांनी केले नाही. पत्रे लिहून, आकडेमोड करून, मंत्र्यांशी आणि अधिकाऱ्यांशी चर्चा करून त्यांनी आपला विचार पटवून दिला.

त्यांचा विचार समजायला अगदी सोपा होता. खेड्यात एकीकडे रिकामे हात आहेत. दुसरीकडे तिथेच न झालेली कामे पडली आहेत : बांध घातलेले नाहीत, नाले अडवलेले नाहीत, रस्ते नाहीत, विहिरी नाहीत. मग सरकारने या दोहोंची गाठ का घालून देऊ नये? जो अंगमेहनत करायला तयार आहे आणि काम मागतो, त्याला सरकारने काम द्यावे आणि कामाचे दाम द्यावे. अन्नछत्र उघडले तर माणूस जगतो, पण त्याची मान खाली जाते. मजुरी मिळाली तर तो स्वतःच्या पैशाने ज्वारी विकत घेतो आणि गावाला एक तलावही मिळतो.

१९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात या कल्पनेचा लहान प्रमाणावर प्रयोग झाला. त्या वेळी वसंतराव नाईक राज्याचे मुख्यमंत्री होते. पागे यांनी आपली कल्पना त्यांच्यापुढे मांडली. शंका घेणारे पुष्कळ होते. एवढा पैसा आणायचा कोठून? उद्या लाखो लोक काम मागायला आले तर? पण नाईक यांना कल्पना पटली आणि मे १९७२ मध्ये राज्यात रोजगार हमी योजना सुरू करण्यात आली.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्या. हमी म्हणजे उर्दूतील जमानत. रोजगार हा शब्द तर तुमच्या ओळखीचाच आहे. मजूर, हजेरी, कायदा, जिल्हा हे शब्दही फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथलेच होऊन गेले. या योजनेत महत्त्वाचा शब्द हमी हाच होता. दुष्काळात काम काढण्याची पद्धत इंग्रजांच्या काळातही होती. पण काम कधी काढायचे आणि कधी बंद करायचे, हे सरकार ठरवत असे. पागे यांनी ती बाजू उलटवली. काम केव्हा हवे, हे आता मजुराने सांगायचे होते.

योजना सुरू झाली आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. आधीची दोन वर्षेही वाईटच गेली होती. बहात्तरचा दुष्काळ म्हणून आजही मराठवाड्यात लोक ज्याची आठवण काढतात, तो हाच. त्या काळातल्या कोणा वृद्ध माणसाची भेट झाली, तर त्यांना विचारून पाहा. ते तुम्हांला खडी फोडण्याच्या कामाविषयी सांगतील, रेशनवर मिळणाऱ्या मिलो नावाच्या तांबड्या परदेशी ज्वारीविषयी सांगतील आणि सुकडीविषयी तर नक्कीच सांगतील. सुकडी हे त्या वेळी वाटले जाणारे पौष्टिक अन्न होते.

नवी योजना बाजूला ठेवून सरकारने सगळीकडे दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर राज्यात सुमारे ५० लाख माणसे होती. तेव्हा राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास होती. म्हणजे लहान मुले आणि म्हातारी माणसे धरूनही दर दहांतला एक जण कामावर होता. उस्मानाबाद, बीड, औरंगाबाद, अहमदनगर, सोलापूर या जिल्ह्यांत परिस्थिती फारच कठीण होती. घरे बंद करून सारे कुटुंब कामावर येई. पुरुष खोदत, बाया टोपल्या वाहत, तान्ही मुले जवळच्या झाडाखाली झोपवलेली असत. हाल फार झाले, जनावरे फार मेली. पण पूर्वीच्या मोठ्या दुष्काळांत गावेच्या गावे ओस पडत, तसे या वेळी झाले नाही. घरात रोजची मजुरी येत होती आणि त्यामुळे चूल पेटत होती.

दुष्काळ सरल्यावर रोजगार हमी योजना पुन्हा सुरू झाली. आता पैशाचा प्रश्न सोडवायचा होता. १९७५ साली शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवण्यात आला. बागायती जमिनी, मोटारगाड्या यांवरही जादा कर आले. या करांतून जेवढी रक्कम जमेल, तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असे ठरले. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेले काही रुपये अशा रीतीने परंड्याच्या माळावरील मजुराच्या हातात पडू लागले.

१९७७ साली या योजनेचा कायदा विधिमंडळाने एकमताने मंजूर केला. पागे त्या वेळी सभापतीच होते. २६ जानेवारी १९७९ पासून हा कायदा अमलात आला. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ स्त्री-पुरुषाने नाव नोंदवून काम मागितले, तर पंधरा दिवसांत काम द्यायचे. नाही दिले तर बेकारभत्ता द्यायचा, असे त्यात ठरले. भत्ता दिवसाला एक रुपया होता. रक्कम अगदीच लहान, पण मागणी केली तर सरकारला उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट लहान नव्हती. स्त्रिया आणि पुरुष यांना मजुरीचा दर एकच ठेवला होता. शेतावर बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी देण्याची रीत असताना हे मोठेच पाऊल होते. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, औषधपेटी आणि मुलांना सांभाळण्याची सोय असावी, असेही नियम होते. या कामांवर स्त्रियांची संख्या नेहमीच मोठी राहिली, ती उगीच नाही. घराजवळ, सरकारी दराने मिळणारे दुसरे काम त्यांना होते कोठे?

अर्थात सगळे नियम सगळीकडे पाळले गेले, असे समजू नका. पुष्कळ ठिकाणी सावलीचा मांडव कागदावरच राहिला. मजुरी आठवड्याला मिळायची ती कित्येकदा महिना महिना मिळाली नाही. काही ठिकाणी हजेरीपटावर खोटी नावे लागली. काही तलाव अर्धवट पडून राहिले. मजुरांना मोर्चे काढावे लागले. पण मोर्चा काढून काम मागता येते, कारण तो आपला हक्क आहे, हे ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा माणसांना या कायद्यामुळेच कळले.

कामासाठी दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे भूम, वाशी, कळंब भागांत आजही आहेत. आईबापांबरोबर मुलेही जातात आणि त्यांची शाळा बुडते. गावातच काम मिळाले तर हे थांबवता येते. पागे यांनी गावातच काम देण्याचा आग्रह का धरला होता, हे यावरून तुमच्या लक्षात येईल.

पागे १६ मार्च १९९० रोजी निवर्तले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २००५ साली, भारताच्या संसदेने साऱ्या देशातील खेड्यांसाठी रोजगार हमीचा कायदा केला. तो करताना महाराष्ट्राचा अनुभव समोर होता. उस्मानाबाद जिल्ह्यात हा कायदा २००७ साली लागू झाला. त्यात एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी होती. पागे यांच्या योजनेत मात्र दिवसांची मर्यादाच नव्हती. म्हणून शंभर दिवसांनंतरही कोणी काम मागितले, तर त्याचा खर्च राज्याने करावा, अशी तरतूद महाराष्ट्राने आपल्या कायद्यात ठेवली.