अॅव्हरेज करताय? आधी प्रेमचंद रायचंद वाचा!

शेअर पडला की कॉलेजच्या कट्ट्यावर पहिला सल्ला ठरलेला असतो. अजून घे, अॅव्हरेज कर. 100 रुपयांचा शेअर 50 वर आला, तेवढेच पुन्हा घेतले की खरेदीची सरासरी 75. आता 100 ची वाट बघायला नको, 75 झाले तरी सुटलो! गणित अगदी बरोबर आहे. पण मित्रांनो, नंदुरबार, शहादा, तळोद्यात बसून मोबाइलवर ते बटण दाबण्याआधी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाची गोष्ट ऐका. आपल्या खान्देशात पिकणाऱ्या कापसाने मुंबईला वेड लावलं, तेव्हाची ही गोष्ट आहे.

प्रेमचंद रायचंद यांचा जन्म 1831 चा, सुरतचा. म्हणजे आपल्या नवापूरहून गाडीत बसलं की काही तासांत पोहोचतो, त्या गावचा. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. प्रेमचंद इंग्रजी शिकले आणि एका दलालाच्या हाताखाली काम करू लागले. तेव्हा मुंबईत शेअर दलाल मोजकेच होते आणि इंग्रजी लिहिता-वाचता येणारा देशी दलाल तर फारच दुर्मीळ. गोऱ्या व्यापाऱ्यांशी ते थेट बोलू शकत. हुशारी होती, शब्दाला किंमत होती. बघता बघता हा तरुण बाजारातलं सर्वांत मोठं नाव झाला.

कापूस म्हणजे सोनं

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेकडच्या राज्यांची बंदरं रोखली गेली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. नंदुरबारला तेव्हा रेल्वे नव्हती, माल बैलगाड्यांवर चालायचा. पण मुंबईच्या बंदरात कापसाचे भाव भडकले आणि शहरात अक्षरशः पैशाचा पूर आला.

आता या पैशाचं करायचं काय? नवनव्या बँका, नवनव्या कंपन्या निघाल्या. समुद्रात भराव टाकून जमीन तयार करणारी बॅक बे कंपनी त्यातलीच. तिचा 5 हजारांचा शेअर 50 हजारांच्या घरात गेला. जमीन अजून समुद्रातच होती, हे कोणी बघितलं नाही. शेअर गहाण ठेवून बँकेकडून कर्ज घ्यायचं, त्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचे, भाव चढला की ते गहाण ठेवून आणखी कर्ज. या सगळ्याच्या मध्यभागी प्रेमचंदशेठ होते. कोणाला कर्ज मिळावं, कोणाला शेअर मिळावेत, हे त्यांच्या शब्दावर ठरू लागलं.

1 जुलै 1865

1 जुलै म्हटलं की आपल्याला जिल्ह्याचा वाढदिवस आठवतो, 1998 चा. मुंबईच्या बाजाराला मात्र ही तारीख वेगळ्या कारणासाठी आठवते. 1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शरणागती पत्करली. कापसाचे भाव कोसळले. शेअरचे पुढच्या तारखेचे वायदे 1 जुलैला पुरे करायचे होते, पण पैसे कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर 2850 पर्यंत गेला होता, तो 87 रुपयांवर आला.

आता आपलं अॅव्हरेजचं गणित इथे लावून बघा. समजा कोणी एक शेअर 2850 ला घेतला. भाव निम्मा झाल्यावर, म्हणजे 1425 ला दुसरा घेतला. सरासरी झाली 2137. भाव 87 झाल्यावर धीर धरून तिसरा घेतला. सरासरी थेट 1454 वर आली! पण खिशातून गेले 4362 आणि हातात उरले 261. नुसती मुद्दल सुटायलासुद्धा भाव सोळा पटींहून जास्त वाढायला हवा. तो वाढला नाही. 1868 मध्ये ती बँकच गुंडाळावी लागली.

सरासरी फक्त आपल्या वहीत असते. बाजाराला ती माहीत नसते. त्यात पैसा उसना असेल तर भाव परत येईपर्यंत थांबायची सोयही राहत नाही. देणेकरी थांबत नाहीत. प्रेमचंदशेठही कर्जात बुडाले आणि त्यांच्या शब्दावर विसंबलेली शेकडो घरं उद्ध्वस्त झाली. हा दोष त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही.

पुढे काय झालं?

शेठ मात्र संपले नाहीत. ते पुन्हा दलालीकडे वळले. 1875 मध्ये मुंबईच्या दलालांनी आपली संघटना उभारली, तिच्या संस्थापकांत ते होते. तीच आजचा बीएसई. 1906 मध्ये ते गेले.

तेजीच्या दिवसांत, 1864 मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी 2 लाख रुपये दिले होते. अट एकच, मनोऱ्याला आईचं नाव. तो राजाबाई टॉवर 1878 मध्ये पूर्ण झाला आणि आजही उभा आहे. मुंबईला गेलात तर जरूर बघा.

मग अॅव्हरेज करूच नये का? तसं नाही. दरमहा ठरावीक रक्कम अनेक कंपन्यांच्या निर्देशांकात टाकणारा माणूसही पडत्या भावात जास्त युनिट घेतोच. पण तिथे एक कंपनी बुडाली तरी सगळं बुडत नाही. एकाच पडत्या शेअरमध्ये पैसे ओतायचे असतील, तर आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. भाव का पडला, बाजार घाबरलाय म्हणून की धंदाच बसलाय म्हणून? हा शेअर माझ्याकडे नसताच, तर आज या भावात मी तो नव्याने घेतला असता का? आणि हे पैसे माझे आहेत, की फीचे, मित्राचे, अॅपवरच्या कर्जाचे?

तिसऱ्याचं उत्तर अडलं, तर पहिले दोन सोडून द्या. मोबाइल खिशात ठेवा.