गंधारातला फरक

बँकेत उभी हयात गेलेल्या माणसाला फरक सहन होत नाही. रोजकीर्दीत पाच पैशांचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत घरी जायचे नाही, ही जुनी खोड. निवृत्तीनंतर मावसभावाच्या माळ्यावरचा विजेचा जुना ऑर्गन घरी आणला. पायभात्याऐवजी त्यात छोटा पंखा; त्याच्या वाऱ्याने पितळी सूर वाजतात. धूळ झाडली, गळक्या फटींना चामडे लावले, पंख्याखाली रबर घातले. पण सौभाग्यवती काळी चारमध्ये गायला बसल्या, की गंधार टोचायचा. सूर मुळाशी खरवडला की स्वर उतरतो. तसा उतरवला. त्या खूश! दुसऱ्या दिवशी शेजारचा मुलगा पांढरी एकमध्ये वाजवू लागला, तर त्याचा षड्जच उतरलेला. एका खात्यातला फरक मी दुसऱ्यात ढकलला होता.

याच फरकाने जर्मनीतल्या हेर्मान हेल्महोल्ट्झलाही छळले होते.

हा १८२१ साली पोट्सडॅमला एका शाळामास्तराच्या घरी जन्मला. ओढ पदार्थविज्ञानाची; पण पैसा नव्हता. म्हणून बर्लिनला सरकारी खर्चाने वैद्यक शिकला आणि बदल्यात लष्करात डॉक्टरकी पत्करली. त्या नोकरीत असतानाच १८४७ मध्ये त्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला. पुढे बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने धावतो, ते मोजले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा पाहण्याचे उपकरण १८५१ मध्ये जगापुढे ठेवले. डोळ्यांचे डॉक्टर आज आपल्या डोळ्यात डोकावतात, ती वाट त्याची.

डोळ्यानंतर कान. १८५९ च्या अखेरीस पत्नी ओल्गा वारली. त्या पडत्या काळातही हायडेलबर्गला त्याचे स्वरांवरचे काम चालू राहिले आणि १८६३ मध्ये स्वरसंवेदनेवरचा त्याचा ग्रंथ निघाला. दोन स्वरांचे अंश एकमेकांना जवळजवळ, पण पुरते नव्हे, असे मिळाले, की आवाज थरथरतो आणि कानाला बोचतो, हे त्याने दाखवले. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे प्रत्येक पट्टीतला गंधार किंचित चढाच राहतो. म्हणजे माझ्या ऑर्गनमध्ये बिघाड नव्हताच!

हेल्महोल्ट्झने कानालाच खरे मानले आणि वाद्य बदलले. श्टुटगार्टच्या शीडमायर यांच्याकडून दोन स्वरपट्टांची पेटी करवून घेतली. सप्तकात बाराऐवजी चोवीस स्वर. शुद्ध गंधार हवा तेव्हा हात दुसऱ्या पट्टावर न्यायचा. कुणाच्या षड्जाला धक्का नाही. आपल्याकडेही विसाव्या शतकाच्या आरंभी कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स या इंग्रज न्यायाधीशाने बावीस श्रुतींच्या पेटीसाठी असाच ध्यास घेतला. अशी वाद्ये घरोघरी गेली नाहीत. वाजवायला ती अवघड.

१८९४ मध्ये हेल्महोल्ट्झ गेला. मानसन्मान भरपूर मिळाले; पण मला आठवतो तो कानाची तक्रार खोटी न ठरवणारा माणूस.

परवा त्या सुराचे टोक हलक्या हाताने खरवडून स्वर पुन्हा चढवला. ऑर्गन शेजारच्या मुलाला दिला आणि सौभाग्यवतींचा तानपुरा खोळीतून काढला. आता घरात गंधार टोचत नाही. आयुष्यभर त्यांना पेटीशी जुळवून घ्यायला लावले, हा फरक मात्र फार उशिरा सापडला.